ऑफिस आणि ट्रॅक दोन्हीला एकच गाडी, मग ब्रेक पॅड कुठले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गाडी पोलो जीटी टीएसआय, चाकणलाच बनलेली. रोज कोथरूड ते हिंजवडी, महिन्यातून एकदा कोकणात आईकडे, आणि वर्षातून दोन-तीनदा ट्रॅक डे, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपलीच गाडी जोरात चालवायचा दिवस. बहुतेक वेळा कोइंबतूरचा करी मोटर स्पीडवे, कधी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, आणि एकदा हिंमत करून ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट. पुण्याहून करीला जायचं म्हणजे एका बाजूने साधारण बाराशे किलोमीटर, आणि ट्रेलर वगैरे आपल्याकडे नाही, त्यामुळे ज्या गाडीने ट्रॅक मारायचा त्याच गाडीने घरी पण यायचं. पॅड निवडताना हे घरी यायचं गणितच लोक विसरतात. फोनवर, पार्किंगमध्ये, चहाच्या टपरीवर तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं एकदा लिहून ठेवतोय.

पहिलाच ट्रॅक डे आहे. कंपनीचे पॅड काढून टाकू का?

नको. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक असतील आणि डिस्कवर खोल चरे नसतील तर पहिल्या वेळी त्याच पॅडवर जा, फक्त ब्रेक ऑइल नवीन टाका. पहिल्या दिवशी तुम्ही लाईन, म्हणजे वळणातून गाडी कुठून न्यायची ते शिकणार, कुठे ब्रेक मारायचा ते शिकणार, गाडीच्या मर्यादेपर्यंत तसेही पोचणार नाही. तीन-चार लॅप जोरात, मग एक लॅप ब्रेकला जवळजवळ हात न लावता, असं केलंत तर साधे पॅड पण दिवस काढतात. मी स्वतः पहिला दिवस तसाच काढला आणि त्यातून जे कळलं ते पंधरा हजाराचे पॅड लावून कळलं नसतं.

पण आम्ही घाटात पण ब्रेक मारतोच की. ट्रॅकवर असं वेगळं काय होतं?

हा प्रश्न मला फार आवडतो कारण याचं गणित घरी बसून करता येतं.

ड्रायव्हर धरून गाडी १२०० किलोची समजा. सिग्नलला ताशी ५० वरून थांबलात तर ब्रेकमध्ये साधारण १ लाख १६ हजार ज्यूल उष्णता जाते. ट्रॅकवर सरळ पट्टीच्या शेवटी ताशी १५० वरून ६० वर आलात तर तीच उष्णता पावणेनऊ लाख ज्यूलच्या आसपास, म्हणजे साडेसात पट. हे किती झालं? तीस अंशाचं तीन लिटर पाणी गॅसवर उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते तेवढी. फक्त गॅसवर त्याला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि इथे तीन-चार सेकंदांत सगळं उरकतं, आणि त्यातला बराच मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कवर येतो.

आता बोरघाट घ्या. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटरवर, खोपोली साठेक मीटरवर, म्हणजे साडेपाचशे मीटरची उतरण. इंजिन ब्रेकिंग अजिबात न वापरता, सगळी उतरण फक्त ब्रेकवर काढली असं धरलं तरी ती उष्णता ट्रॅकवरच्या अशा सात-आठ ब्रेकिंगएवढीच भरते. अख्खा घाट म्हणजे सात-आठ ब्रेकिंग! करीसारख्या २.१ किलोमीटरच्या ट्रॅकवर ते दोन-तीन लॅपमध्ये होऊन जातं आणि तुम्ही एका सेशनला आठ-दहा लॅप मारता. त्यात करीला वळणं जवळजवळ, डिस्कला हवा खायला मोकळी सरळ पट्टी कमी. बुद्धला उलट, तिथे एक किलोमीटरहून मोठी मागची सरळ पट्टी आहे, थंड व्हायला वेळ मिळतो पण शेवटी जो ब्रेक मारायचा तो एकदम मोठा. म्हणजे एकाच गाडीला दोन ट्रॅकवर दोन वेगळे त्रास होऊ शकतात.

ब्रेक "गेला" म्हणजे नक्की काय होतं? पॅड गेले की ऑइल?

पायाला विचारा, पाय सांगतो.

पेडल कडक आहे, नेहमीच्या जागी आहे, तुम्ही जीव तोडून दाबताय आणि गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या वर गेलेत. घर्षणच कमी झालंय. याला पॅड फेड म्हणतात.

पेडल मऊ झालं, स्पंजसारखं लागतंय, खाली खाली चाललंय, दोनदा पंप केल्यावर थोडं वर येतंय, तर ऑइल उकळलंय. ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून तुमचा पाय वाफ दाबत बसतो आणि पिस्टनपर्यंत जोर पोचतच नाही.

माझं करीला चौथ्या लॅपला पेडल असं खाली गेलं होतं. पंप केलं, गाडी रनऑफमध्ये मातीत जाऊन थांबली, कुणाला काही झालं नाही, पण पाय थरथरत होते. मी परत येऊन सगळ्यांना सांगत सुटलो की कंपनीचे पॅड बोगस आहेत. मग तिथल्याच एका अनुभवी मेकॅनिकने विचारलं, ऑइल कधी बदललंस? मी म्हटलं ट्रॅकसाठी म्हणून दोन महिन्यांपूर्वी गॅरेजमध्ये बदलून घेतलं. त्याने कॅलिपरची (चाकातला पॅड डिस्कवर दाबणारा भाग) निप्पल उघडली तर काळं ऑइल बाहेर आलं. गॅरेजवाल्याने फक्त वरच्या डबीतलं काढून नवीन भरलं होतं, खाली कॅलिपरमध्ये, जिथे उष्णता येते, तिथे सगळं जुनंच होतं. तेव्हापासून ब्लीडिंग, म्हणजे चाकांकडून जुनं ऑइल पूर्ण काढून नवीन भरणं, मी स्वतः करतो किंवा शेजारी उभा राहून चारही चाकांचं बघतो.

मग ऑइल कुठलं टाकायचं?

डब्यावर दोन आकडे बघायचे, कोरडा उत्कलनबिंदू आणि ओला उत्कलनबिंदू. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी मिसळलं की लवकर उकळतं. ओला आकडा म्हणजे साधारण ३.७ टक्के पाणी मिसळलेलं असताना ते कितीला उकळतं तो. डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रत, नियमाप्रमाणे डॉट ३ ला कमीत कमी २०५ आणि १४० अंश, डॉट ४ ला २३० आणि १५५, डॉट ५.१ ला २६० आणि १८०. रेसिंगसाठीची ऑइलं याच्या बरीच वर असतात, उदाहरणार्थ मोतुल आरबीएफ ६०० कोरडं ३१२ आणि ओलं २०५ च्या आसपास.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत किती दमट असतं माहितीये, त्यामुळे मी पावसाळा संपला की एकदा आणि ट्रॅकच्या आधी एकदा बदलतोच. अर्धा वापरून ठेवलेला डबा पुढच्या वर्षी वापरू नका. आणि डॉट ५ नाव बघून ते ५.१ चंच भावंडं समजू नका, ते सिलिकॉनचं असतं, आपल्या ऑइलमध्ये मिसळायचं नाही.

माझ्या मते ट्रॅकसाठी पहिला रुपया ऑइलवर, दुसरा पॅडवर. उलटं करणारे फार बघितलेत.

ऑरगॅनिक, सेमी मेटॅलिक, सिरॅमिक... यातलं ट्रॅकला काय?

ऑरगॅनिक म्हणजे राळेत बांधलेले तंतू, रबर, भरणी वगैरे. शांत, डिस्कला मायाळू, थंडीत पण पहिल्या दाबाला धरतात, पण तापले की लवकर दम सोडतात. सेमी मेटॅलिकमध्ये लोखंडाचा चुरा आणि तंतू जास्त, उष्णता जास्त सोसतात, आवाज आणि काळी पूड पण जास्त. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी "सिरॅमिक" म्हणून जे विकतात ते मुख्यतः कमी पूड आणि कमी आवाज यासाठी बनवलेले असतात, ते नाव ऐकून महागड्या सुपरकारच्या कार्बन सिरॅमिक डिस्क डोक्यात येतात पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही. चाकं चकाचक ठेवायला छान, ट्रॅकसाठी म्हणून घेऊ नका.

खरं सांगायचं तर हे तीन शब्द दुकानदारासाठी आहेत. ट्रॅकचे पॅड ओळखायचे ते त्यांच्या कंपाउंडच्या (पॅडच्या मालाच्या मिश्रणाच्या) नावावरून आणि तापमानाप्रमाणे घर्षण कसं बदलतं त्या आलेखावरून. फेरोडोचंच बघा, या कंपनीचा संस्थापक हर्बर्ट फ्रूड, १८९७ मध्ये इंग्लंडमध्ये डर्बीशायरात त्याने घोडागाड्यांच्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर काम सुरू केलं, नाव पण त्याच्याच आडनावाची अक्षरं फिरवून आणि त्यात एक 'ई' घालून. आज त्यांच्याच एका मापाच्या पॅडला रस्त्याचा नंबर एफडीबीने सुरू होतो आणि रेसिंगचा एफसीपीने, आणि एफसीपीच्या शेवटचं अक्षर सांगतं कंपाउंड कुठलं. शेवटी एच असेल तर डीएस२५००, आर असेल तर डीएस३०००. ऑर्डर करताना ते एक अक्षर चुकलं तर पूर्ण वेगळ्या स्वभावाचा पॅड घरी येतो, बॉक्स मात्र तसाच दिसतो.

पॅडवर छापलेली ती इंग्रजी अक्षरं, एफएफ वगैरे, त्यावरून निवडता येईल का?

थोडंसंच. पहिलं अक्षर साधारण तापमानाचं घर्षण, दुसरं गरम असतानाचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एवढा मोठा पट्टा एका अक्षरात बसवलाय, आणि चाचणी होते ती पॅडमधून कापलेल्या एक इंचाच्या तुकड्यावर, त्यामुळे दोन एफएफ पॅड गाडीत अगदी वेगळे लागू शकतात. दुसरं अक्षर पहिल्यापेक्षा खालचं असेल, म्हणजे एफई, तर तापल्यावर घर्षण कमी होतंय एवढा इशारा मात्र घ्या.

तापमानाची रेंज बघायची म्हणजे नक्की काय बघायचं?

सगळे वरचा आकडा बघतात. ७०० अंश, ८०० अंश, वा! मी म्हणतो आधी खालचा बघा. हा पॅड किती अंशाला काम करायला लागतो? डीएस२५०० ची रेंज कंपनी २० ते ५०० अंश आणि सरासरी घर्षणांक ०.४२ सांगते, म्हणजे सकाळी पार्किंगमधून काढल्यावर पहिल्या सिग्नलला पण तो धरणार. पूर्ण रेसिंगच्या बऱ्याच पॅडना आधी ऊब लागते, त्याशिवाय ते जागे होत नाहीत.

मग आलेखाचा आकार. आडवी सपाट रेघ असेल तर पाय जेवढा दाबेल तेवढा ब्रेक, पहिल्या लॅपला पण आणि सातव्याला पण. डोंगरासारखा चढउतार असेल तर प्रत्येक लॅपला पाय नव्याने शिकवावा लागतो. मला स्वतःला थोडा कमी बाईट (पहिल्या दाबाची पकड) असलेला पण सपाट रेघेचा पॅड जास्त आवडतो, त्यावर विश्वास बसतो.

आणि दोन कंपन्यांचे वरचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका, प्रत्येकजण आपापल्या पद्धतीने मोजतो.

म्हणजे रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालेल असा एकच पॅड नाही?

आहे पण आणि नाही पण. पोलो, स्विफ्ट, आय२० अशा नऊशे ते अकराशे किलोच्या गाड्या, साधे रस्त्याचे टायर, वर्षातून दोन-तीन ट्रॅक डे आणि सेशनमध्ये मध्येमध्ये गार करायची शिस्त, एवढं असेल तर डीएस२५०० च्या वर्गातला, म्हणजे थंड असताना धरणारा आणि पाचशेच्या आसपासपर्यंत टिकणारा पॅड दोन्हीकडे चालतो. मी तीन वर्षं तसाच चालवला.

पण गाडी जड असेल, टर्बो रिमॅप करून ताकद वाढवलेली असेल, सेमी स्लिक म्हणजे ट्रॅकसाठीचे जास्त पकडीचे टायर असतील, किंवा तुम्ही स्वतः वेगवान झाला असाल (हे हळूहळू होतं, कळत नाही) तर तो मधला पॅड कमी पडायला लागतो. तेव्हा लोक काय करतात, त्याहून गरम पॅड शोधतात आणि तोच रोज वापरतात. तिथे माझा ठाम विरोध आहे. तेव्हा दोन सेट ठेवायचे. रस्त्याला साधे चांगले पॅड, ट्रॅकला ट्रॅकचे, आणि पॅडॉकमध्ये (ट्रॅकलगतची गाड्या लावायची जागा) बदलायचे. दोन सेट म्हणजे दुप्पट खर्च असं वाटतं पण दोन्ही अर्धे अर्धेच झिजतात आणि डिस्क पण वाचते.

रेसिंग पॅड रोज ठेवले तर काय बिघडतं? जास्त चांगलाच ब्रेक लागेल ना?

जुलैचा महिना, पहाटे साडेपाच, ताम्हिणी घाट. पंधरा मिनिटं तुम्ही ब्रेकला पायच लावलेला नाही, डिस्कवर पाण्याचा थर, आणि वळणावर गुरं उभी. तुम्ही दाबता आणि पहिला अर्धा-एक सेकंद काहीच होत नाही, मग एकदम धरतं. हे माझ्या मित्राच्या शेजारच्या सीटवर बसून मी अनुभवलंय, गाय वाचली, आम्ही पण वाचलो, दोघंही पुढे माणगावपर्यंत एक शब्द बोललो नाही. त्याने पॅड ट्रॅकसाठी टाकले होते आणि आळसाने काढले नव्हते.

एक्सप्रेसवेला पण तेच. अर्धा तास एका वेगात चाललाय, डिस्क गार, आणि एकदम पुढचा ट्रक लेन बदलतो. रस्त्यावर जीवावर बेतणारा ब्रेक हा जवळजवळ नेहमी थंड ब्रेक असतो. रस्त्याचा पॅड त्याच एका दाबासाठी बनवलेला असतो. युरोपात बदली पॅडना जी आर९० मान्यता लागते त्यात त्याची कामगिरी मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आतबाहेर असावी लागते, बऱ्याच शुद्ध रेसिंग पॅडना ती मान्यता नसते, आणि बॉक्सवर "रस्त्यावर वापरू नये" असं स्वच्छ लिहिलेलं असतं. ते वाचा.

शिवाय गार असताना हे पॅड डिस्क सॅन्डपेपरसारखी खातात.

माझ्या डिस्कचं तापमान किती जातं हे कळणार कसं?

पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला गाडी थांबवायची जागा) येऊन इन्फ्रारेड गन मारली तर आकडा कमीच येतो, कारण येईपर्यंत डिस्क गार झालेली असते. त्यापेक्षा तापमानाचा रंग मिळतो, डिस्कच्या कडेला तीन ठिपके लावायचे, हिरवा साधारण ४३० अंशाला रंग बदलतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. दिवस संपल्यावर बघायचं कुठला बदलला. हिरवाच बदलला असेल तर मधला पॅड पुरतो. नारिंगी पण गेला तर ट्रॅकचे पॅड बघायला लागा. लाल गेला तर पॅडआधी डिस्कला हवा कशी पोचेल ते बघा.

पुढचेच बदलू की मागचे पण? माझ्या गाडीला मागे ड्रम आहे.

मागे ड्रम असेल तर पुढचेच. मागचे लायनर नीट जाडीचे, ड्रम साफ, ॲडजस्टर काम करतोय आणि व्हील सिलिंडर गळत नाही एवढं तपासा. मागे डिस्क असेल तर पुढे मागे एकाच कंपाउंडचे, किंवा मागे एक पायरी सौम्य. पुढे सौम्य आणि मागे कडक हे कधीच करू नका, ब्रेक मारताना मागची चाकं आधी धरली की गाडी गरकन फिरते.

अजून एक. आजकालच्या गाड्यांमध्ये ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आणि वळणात आतलं चाक ब्रेकने धरणारी यंत्रणा असते. तुम्ही पेडलला पाय लावला नाही तरी गाडी स्वतः ब्रेक वापरत असते, त्याने पॅड तापतात आणि झिजतात. एखाद्या चाकाचे पॅड विचित्र लवकर संपत असतील तर हे कारण असू शकतं. तरी नवख्याने ईएसपी बंद करू नये, पॅड परत मिळतात.

नवीन पॅड लावले, आता सरळ ट्रॅकवर?

अजिबात नाही. नवीन पॅड पहिल्यांदा जोरात तापले की त्यातली राळ गॅस सोडते, त्या गॅसचा पातळ थर पॅड आणि डिस्कच्या मध्ये येतो आणि ब्रेक लागतच नाही. नव्या पॅडवर पहिल्याच सेशनला घाबरलेले लोक बघितलेत.

बेडिंग करायचं, म्हणजे नवीन पॅड आणि डिस्क हळूहळू तापवून एकमेकांना बसवायचे. कंपनीची पद्धत दिली असेल तर तीच, नाहीतर साधारण अशी: पहाटे रिकामा, सरळ, मागे कुणी नाही असा रस्ता, आधी चार-पाच हलके ब्रेक ताशी ६० वरून, मग ८० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा जरा जोरात, एबीएस लागू द्यायचं नाही, पूर्ण थांबायचं नाही, लगेच वेग घ्यायचा. वास येईल, थोडा धूर पण येईल, घाबरू नका. मग दहा-पंधरा मिनिटं ब्रेक शक्यतो न वापरता गाडी चालवत गार करायची. ट्रॅकच्या पॅडना रस्त्यावर तेवढी उष्णता देणं धोक्याचं आणि बेकायदा वेगाशिवाय होत नाही, त्यांचं बेडिंग ट्रॅकवरच पहिल्या सेशनला करा, आयोजकांना सांगून.

यात होतं काय, तर पॅडच्या मालाचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसतो आणि पुढे पॅड त्या थराला धरतो. नीट बसला की डिस्क एकसारखी करडी-निळसर दिसते.

ट्रॅकनंतर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. डिस्क वाकली का?

गॅरेजमध्ये सगळे हेच म्हणतात, डिस्क बेंड झाली, लेथवर टर्निंग मारू. बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसते, तिच्यावर पॅडचा थर कुठे जाड कुठे पातळ बसलेला असतो. गरम डिस्क घेऊन पिटमध्ये आलात आणि पेडल दाबून उभे राहिलात की पॅडचा छाप तिथेच उमटतो. मग दर फेरीला तो जाड भाग पॅडखालून जातो आणि हाताला थरथर लागते. सुरुवातीलाच पकडलंत तर परत नीट बेडिंग केल्यावर जातं. तसंच चालवत राहिलात तर त्या जागा जास्त तापतात, साडेसहाशे-सातशे अंशाच्या वर गेल्या की बिडाची रचनाच बदलून तिथे कडक सिमेंटाइट तयार होतं, आणि मग टर्निंग मारून पण थरथर परत येते. तेव्हा नवीन डिस्क.

छिद्रंवाली डिस्क घेऊ का?

नको. छिद्रांपासून तडे जातात. साधी, आतून हवा खेळणारी, चांगल्या कंपनीची डिस्क घ्या.

पॅडॉकमध्ये पॅड बदलायला मेकॅनिक लागतो का?

एकदा घरी कुणा जाणत्यासोबत करून बघा, मग लागत नाही. जॅक, दोन स्टँड (नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही), चाकाचा पाना, कॅलिपरच्या गाइड पिनला लागेल ती ॲलन की किंवा पाना, पिस्टन मागे ढकलायचा क्लॅम्प, तारेचा ब्रश, ब्रेकचं खास ग्रीस आणि टॉर्क रेंच. कॅलिपर होजवर लोंबकळत ठेवू नका, तारेने स्प्रिंगला बांधा. पिस्टन मागे जाताना वरच्या डबीतलं ऑइल वर येतं, रंगावर सांडलं तर रंग जातो, आधी फडकं ठेवा. चाकाचे बोल्ट पोलोला १२० न्यूटन मीटर, गाडी खाली उतरवल्यावर. आणि गाडी हलवायच्या आधी पेडल पंप करून कडक करा, हे विसरून पॅडॉकच्या भिंतीला गाडी लागलेली बघितलीये.

काढलेल्या प्रत्येक पॅडच्या पाठीवर मार्करने लिहा, डावा आतला, डावा बाहेरचा वगैरे, परत तिथेच जायला हवा. मला दोन्ही बाजूंना मिळून पाऊण तास लागतो. बदलल्यावर पहिले काही किलोमीटर ब्रेक वेगळा लागेल, डिस्कवर आधीच्या पॅडचा थर असतो तो जाऊन नवा बसेपर्यंत जपून.

किती जाडी उरली की बदलायचे?

रस्त्यासाठी पत्रा सोडून माल ३ मिलिमीटरवर आला की बदला. ट्रॅकसाठी एवढं थांबू नका, निम्मे झाले की ट्रॅकसाठी बाद. पॅडचा मालच पिस्टन आणि ऑइलला उष्णतेपासून आड असतो, तो पातळ झाला की उष्णता सरळ ऑइलपर्यंत जाते. निम्मे झालेले मी रस्त्यावर संपवतो, अर्थात ते रस्त्याला चालणारे असतील तरच. सकाळी जाडी बघून संध्याकाळी पुरेल असं धरू नका, दर सेशननंतर चाकाच्या आऱ्यांतून टॉर्च मारून बघा.

आवाज आणि काळी पूड?

येणारच. ट्रॅकच्या पॅडची पूड धातूची असते, ओली राहिली की गंजून अलॉयला चिकटते, म्हणून ट्रॅकवरून आल्यावर चाकं गार झाली की त्याच दिवशी धुवा. गरम डिस्कवर पाणी मारू नका.

ऑनलाइन निम्म्या किमतीत मिळतायत, घेऊ का?

मी एकदा घेतले. बॉक्स हुबेहूब, आत पॅड पण ठीक दिसत होते, पण पाठीवरचा नंबर बॉक्सशी जुळत नव्हता आणि कडेचा माल नखाने सुटत होता. परत पाठवायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून अधिकृत विक्रेत्याकडूनच, बिल घेऊन, आणि लावायच्या आधी पाठीवरचा नंबर तपासून. रस्त्याच्या सेटसाठी कंपनीच्या शोरूमचेच पॅड घ्यायला काही हरकत नाही, मी आता तेच वापरतो.

सेशन संपल्यावर काय करायचं?

शेवटचा लॅप पूर्ण गार करायचा, उंच गिअरमध्ये, ब्रेक जवळजवळ नाही. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, मागचे पॅड किंवा लायनर गरम असतात, चिकटतात. गाडी गिअरमध्ये टाका आणि चाकाला वीट लावा. मी डिकीत दोन लाकडी ठोकळे कायम ठेवतो. पेडलवरून पाय काढा. पाच-सात मिनिटांनी गाडी एक चाकभर पुढे ढकला म्हणजे पॅड डिस्कच्या त्याच जागेवर बसून राहणार नाहीत.

ट्रॅकवर काही झालं तर इन्शुरन्स मिळतो का?

आपल्याकडच्या साध्या मोटर पॉलिसीत आयोजित शर्यती, वेगाच्या चाचण्या वगैरे वापर वगळलेला असतो. पॉलिसीचा तो परिच्छेद जायच्या आधी वाचा आणि ट्रॅकवरचं नुकसान स्वतःच्या खिशातून असं धरूनच जा.

बजेट कमी आहे, पुढच्या महिन्यात करीला जायचंय. आत्ता नक्की काय घेऊ?

एक लिटर चांगलं रेसिंग ब्रेक ऑइल, चारही चाकांचं पूर्ण ब्लीडिंग समोर उभं राहून. पुढचे पॅड निम्म्याच्या खाली असतील तर नवीन, शोरूमचे किंवा जमत असेल तर मधल्या वर्गातले, आणि ते निदान तीन-चारशे किलोमीटर आधी लावून बेड केलेले. मागचे ड्रम उघडून साफ. टायरची हवा मोजायचं मीटर. आणि जुने पण चालू स्थितीतले पुढचे पॅड डिकीत, कारण कोइंबतूरहून पुणे बाराशे किलोमीटर आहे आणि रविवारी संध्याकाळी तिथे तुमच्या गाडीचे पॅड कुठल्या दुकानात मिळतील याचा भरवसा नाही.